उजवीकडची खिडकी

ताईला घरं बघायचा नाद होता. विकत घ्यायचा नव्हे, नुसता बघायचा. ती चपलांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या पावलांकडे मान घालून बसायची, म्हणून असेल, सुट्टीच्या दिवशी तिची मान वर जायची ती खाली म्हणून यायची नाही. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून मला फरफटत न्यायची. "दुकानांच्या पाट्यांच्या वर बघ गं, खरं गाव वरच आहे," म्हणायची. मी खालीच बघायचे. खाली खड्डे होते, आणि दोघींपैकी एकीचे तरी पाय शाबूत राहायला हवे होते.

बांधकामाच्या शैलींची पुस्तकी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. ताईने आपली नावं दिली होती. खिडक्यांवर कमानी असलेलं घर 'भुवईवाली'. पानाफुलांच्या नक्षीने मढलेलं 'नटवी'. गोल कोपऱ्याची, सरळ पट्ट्यांची ती 'आगबोट'. एखाद्या आगबोटीला भुवया दिसल्या की मी म्हणायचे, "ही आपली मामी," आणि ताई भर रस्त्यात पोट धरून हसायची.

पण तिचा जीव जडला होता एका भुवईवालीवर. मध्ये दार, वरच्या मजल्यावर दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या. डावीकडची उघडी असे, तिच्यात कुंड्या. उजवीकडची हिरवी झडपं कायम बंद.

"ती माझी खोली," ताई म्हणायची. पलंग कुठे, आरसा कुठे, सगळं तिने लावून टाकलं होतं. खिडकीजवळची खुर्ची मला दिली होती, तीही किरकिर न करण्याच्या अटीवर. भाड्याच्या दीड खोलीत आयुष्य काढलेल्या आम्ही दोघी. मनातल्या खोलीला भाडं पडत नाही.

दार मात्र कधी वाजवायचं नाही, असा तिचा नियम. "आत गेलं की ते दुसऱ्याचं घर होतं," म्हणे.

मग ताई आजारी पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला सांगायची गरजच नव्हती. एका सकाळी ती म्हणाली, "आता दार वाजव. माझी खोली कशी आहे बघून ये. आणि खरं सांग हं."

खरं बोलण्याबद्दल माझी ख्यातीच होती. माझ्या फटकळ तोंडाला भिऊन शेजारणी मला नवं कापडसुद्धा दाखवत नसत.

दार एका म्हाताऱ्या दंतवैद्याने उघडलं. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि वर घेऊन गेला. डावीकडच्या खोलीत कुंड्या, ऊन. उजवीकडे जिना, आणि जिन्याला लागून पांढरी, सलग भिंत. मी ती हाताने चाचपून पाहिली.

"आणि ती खिडकी?"

"ती खोटी आहे हो. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून नुसती झडपं ठोकलीत. तेव्हा करायचे तसं."

घरं बघून बघून डोळे झिजवले आम्ही, आणि कधीच न उघडणाऱ्या झडपांचा एकदाही संशय आला नाही. स्वतःला मोठ्या जाणकार समजायचो! मी जिन्यावरच बसून रडले. त्यांनी पाणी आणून दिलं.

हॉस्पिटलात ताई वाटच बघत होती. नर्सकडून केस विंचरून घेतले होते.

"पाहिलीस?"

"पाहिली."

"आरसा?"

"तू म्हणतेस तिथेच. पलंग मात्र नको तेवढा मोठा. झाडणार कोण त्याच्याखाली?" किरकिर केली नसती तर तिला खरं वाटलं नसतं.

"तुझी खुर्ची?"

"डुगडुगते. मी नाही बसणार."

ताई समाधानाने हसली. डोळे मिटून म्हणाली, "झडपं उघडलीस?"

"उघडली."

"काय दिसतं गं तिथून?"

रस्ता म्हणणार होते, झाड म्हणणार होते.

"आपण दिसतो," मी म्हटलं. "खाली उभ्या. तू वर बघतेयस आणि मी खड्डे."

चादरीवरचा हात जरासा उचलून तिने हलवला, खालच्या त्या दोघींना.

त्याच आठवड्यात ताई गेली.

सुट्टीच्या दिवशी मी अजून तिथे जाते. दंतवैद्य चहाला वर बोलावतात, मी जात नाही. खाली उभी राहते आणि त्या झडपांकडे बघून हात करते. लोक बघतात, बघू देत. परवा तिथल्याच खड्ड्यात पाय मुरगळला माझा. वर बघत होते.