सहाशे अडतीस सायटेशन्स

तुंगाच्या नावावर संशोधनाचे एकतीस पेपर होते, पण घर चालवणारा एकच. पंधरा वर्षांपूर्वीचा तो पेपर पोटाच्या कॅन्सरवरचा होता. एक ठरावीक जनुक बंद केलं की त्या कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात, असं त्यात दाखवलं होतं. जगभरच्या सहाशे अडतीस पेपरांनी त्याचा दाखला दिला होता. उरलेल्या तीस पेपरांना मिळून सायटेशन्स तीनशे सहासष्ट. एकूण एक हजार चार. म्हैसूरच्या तिच्या संस्थेत प्राध्यापकपदासाठी निदान पाचशे सायटेशन्सची अट होती, अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती, आणि वयाच्या नियमामुळे तिला ही शेवटची संधी होती.

सोमवारी सकाळी रिपोर्ट आला. नवा पेपर छापण्याआधी मासिकाने तिच्या पेशींची डीएनए तपासणी मागितली होती. पोटाच्या म्हणून इतकी वर्षं लाडाने वाढवलेल्या पेशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या निघाल्या. फ्रीझरमधली सगळ्यात जुनी, त्या गाजलेल्या पेपरच्या वेळची कुपीही तिने सोबत पाठवली होती. तीही तसलीच.

यात कुणाची लबाडी नव्हती. त्या काळी लॅबवाले एकमेकांकडे पेशी मागत, शेजारणीकडे विरजण मागावं तशा. तुंगाचे गाइड नरसिंहमूर्ती यांनी मित्राच्या लॅबमधून एक कुपी आणली, वरची चिठ्ठी वाचली आणि पेशी वाढवायला घेतल्या. दही लागलं की झालं, विरजण कुठलं म्हणून कोण विचारतो? त्याआधीच कुठल्यातरी लॅबमध्ये एक थेंब इकडचा तिकडे झाला असणार, आणि चिवट पेशींनी गरीब पेशींना खाऊन टाकलं असणार.

पेपर तिच्या आणि सरांच्या नावावर होता; मागे घ्यायचा तर दोघांची सही हवी. संध्याकाळी ती जयलक्ष्मीपुरमला सरांच्या घरी गेली. सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुणी भेटलं की त्या पेपरची गोष्ट ते अजून सांगत. रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"मग ते सहाशे अडतीस लोक सगळे मूर्ख की काय?"

"त्यांनी पेशी कुठे बघितल्या, सर? आपल्या सायटेशन्सचा आकडा बघितला. मीही दुसऱ्यांचे तसेच बघते."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, तुंगा. पंधरा वर्षं कुणाला कळलं नाही. अजून एक महिना सुम्ने इरु. गप बस. प्राध्यापक हो, मग मी डोळे मिटून सही करतो."

तुंगाला ते पटलं, हीच तर पंचाईत. येताना रस्ताभर तिने स्वतःला हेच समजावलं होतं. एका महिन्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

"गुरुवारी धारवाडला एक कुपी जायची आहे, सर," ती म्हणाली. "पीएचडीची मुलगी आहे. पोटाच्या कॅन्सरचं औषध तपासणार आहे त्या पेशींवर. आतापर्यंत एकोणीस लॅबांना आपणच वाटल्यात."

"तिला पाठवू नकोस, अष्टे! बस, एवढंच."

"कारण काय सांगू?"

सरांनी रिपोर्ट पुन्हा उचलला. मग एकदम चिडले, पण तिच्यावर नाही. "मी तपासून घ्यायला पाहिजे होतं. मी! तू नवी होतीस, तुला काय कळणार?" त्यांनी पेन मागितलं. तारखेसकट सही केली.

मंगळवारी तो जुना पेपर छापलेल्या मासिकाला पत्र गेलं, एकोणीस लॅबांना गेलं, धारवाडलाही गेलं. मासिकाचं उत्तर आलं, की चौकशी होऊन पेपर मागे घ्यायला सहा महिने लागतील. तोवर वेबसाइटवर एक हजार चारच दिसणार होते. तुंगाने अर्जात तीनशे सहासष्ट लिहिले. निवड समिती समजून घेईल, अपवाद करेल, अशी आशा होती. आशा वेडी असते, शास्त्रज्ञाची झाली म्हणून काय झालं?

शुक्रवारी साडेतीनला संस्थेच्या ऑफिसातल्या हयग्रीवचा फोन आला. तिच्यासारखाच घरी मराठी बोलणारा, म्हणून तिच्या कामात तो जरा जास्तच लक्ष घाली.

"मॅडम, नोडी, हे बघा, मोठी चूक झालीय. तुम्ही तीनशे सहासष्ट लिहिलंय. मी आत्ता कॉम्प्युटरवर बघितलं, एक हजार चार आहेत! मीच दुरुस्त करून टाकतो. तुम्ही कशाला उन्हात येता?"

तुंगाला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं "हूं" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"चूक नाही ती, हयग्रीव. तेवढेच आहेत."

"अय्यो, मग अर्ज वर जाणारच नाही, मॅडम. इथेच थांबेल. समितीपुढे पाचशेच्या खालचा कागदच जात नाही. आणि पुढच्या वेळी तुमचं वय..."

"माहीत आहे मला."

"पक्कं? मी आकडा तसाच ठेवू?"

सरांना सांगताना, मासिकाला लिहिताना तिचा धीर सुटला नव्हता. या भल्या माणसाला सांगायचा एक शब्द मात्र तिला आधी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघावा लागला.

"पक्कं. तसाच ठेव."

फोन ठेवून ती टेबलावर डोकं टेकून रडली. ते पद तिला हवं होतं. पंधरा वर्षं हवं होतं.