दाबकलम

मुलगी गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे म्हाताऱ्याला एकच गोष्ट सांगत होते, निदान जावई तरी जवळ आहे. ते खरंही होतं. चाळीस वर्षं लेथवर लोखंड तासून निवृत्त झालेला हा टर्नर आणि लिफ्ट दुरुस्त करणारा त्याचा जावई असे दोघेच आता त्या घरात उरले होते. बायकोला जाऊन तर वीस वर्षं झाली होती. लग्न ठरताना मुलीने एकच अट घातली होती, बाबांना एकटं सोडणार नाही. जावई हसत हसत घरजावई झाला. "दिवसभर वर-खाली, वर-खाली करतो, बाबा," तो म्हणायचा, "संध्याकाळी कुठल्या मजल्यावर उतरायचं एवढं पक्कं असलं की झालं."

मागच्या दारी हातभर बाग होती. आजार कळायच्या काही महिने आधी मुलीने तिथे एक वेल आणून लावली, क्लेमॅटिसची. काडीसारखी दोन खोडं आणि चार पानं.

"जिचं नाव घेताना जीभ अडखळते ती जगणार कशी?" म्हातारा म्हणाला आणि त्याने तिचं 'क्लेमाबाई' करून टाकलं.

"रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते आणि तिसऱ्या वर्षी धावत सुटते. डोकं उन्हात लागतं आणि पाय सावलीत," मुलगी म्हणाली. तिने रोप चांगलं खोल लावलं आणि बुंध्याशी सावलीला एक चपटा दगड ठेवला. म्हाताऱ्याने आधाराला जाड सळई आणली तर तिने ती परत पाठवली. ही वेल पानांच्या देठांनी धरून चढते, जाड काही तिच्या मुठीत मावत नाही. मग त्याने भिंतीवर बारीक तारा ओढल्या. दोन तारांमधलं अंतर एक सूतही इकडे-तिकडे होऊ दिलं नाही. सवयच तशी.

वेल झोपली त्या वर्षी मुलीचे रिपोर्ट आले. वेल रांगली त्या वर्षी मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि आज कितव्या तारेला पोचली ते मोजायची. थंडी सुरू झाली आणि ती गेली.

तिसऱ्या वर्षी वेल धावत सुटली. भिंत जांभळ्या फुलांनी भरून गेली. दोघे चहाचे कप हातात घेऊन समोर उभे राहिले. "बशीएवढं आहे एकेक," जावई म्हणाला. मग तो आत गेला आणि बराच वेळ नळ वाहत राहिल्याचा आवाज येत होता.

अशी आणखी दोन वर्षं गेली. मग म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की जावई नवे शर्ट घालू लागलाय, आणि कामावरून येताना गुणगुणत येतो. फाटक उघडलं की गुणगुणणं थांबायचं. ते थांबणंच म्हाताऱ्याला टोचायचं.

एका दुपारी जावई कामावर असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, असं तिने सांगितलं. म्हाताऱ्याने तिला आत घेतलं, चहा टाकला.

"मी आलेय हे त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं, उद्या बाबांना सांगतो, परवा सांगतो, असं चाललंय. ते कधीच सांगणार नाहीत. मला तुमच्याकडून काही हिसकावून घ्यायचं नाही. पण असं चोरासारखंही राहवत नाही."

तिचा राग यावा म्हणून म्हातारा मनातल्या मनात धडपडत होता. पण तिने कप दोन्ही हातांनी धरला होता आणि अजून एक घोटही घेतला नव्हता.

"तिच्याबद्दल बोलतो तो तुमच्याशी?" त्याने विचारलं.

"रोज," ती म्हणाली.

हे मात्र वर्मी लागलं. या घरात वर्षभरात त्याने मुलीचं नावही काढलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना म्हातारा म्हणाला, "दुपारी पाहुणी येऊन गेली. चष्म्याच्या दुकानातली."

जावयाचा घास हातातच राहिला. "बाबा, मी सांगणारच—"

"अरे, जा तू. माझी परवानगी काय लोणच्यासारखी मुरत ठेवायचीय? तिघांनी कुढण्यापेक्षा एकट्याने कुढलेलं परवडलं."

जावयाने घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "एक मागू? वेल नेऊ?"

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मुळं हलवली की मरते ती! ती इथेच राहील." आणि तो अर्ध्या जेवणावरून उठला.

दोन दिवस त्याने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जावयाला बागेत घेऊन गेला. एक लांब, कोवळी फांदी हळूच खाली वाकवली, पेराशी चाकूने थोडी खरवडली आणि मातीने भरलेल्या कुंडीत दाबून वर दगड ठेवला. "याला दाबकलम म्हणतात. फांदी आईला जोडलेलीच राहते. तिच्याच जिवावर जगते आणि इकडे गुपचूप आपली मुळं धरते. धरली की मधून कापायची. मग ने खुशाल. पण वर्ष लागतं."

वर्ष लागतं हे खरंच होतं. पण ते सांगताना आपल्याला केवढी घाई झाली होती, ते म्हाताऱ्याचं त्यालाच कळलं आणि त्याने मान फिरवली.

जावयालाही कळलं असावं. चार महिने तो थांबला. मग लग्न केलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. सुरुवातीला दर रविवारी कुंडी बघायला यायचा. मग एकाआड एक रविवार. मग नुसते फोन.

वर्षाने कलमाने मुळं धरली. म्हाताऱ्याने मधली फांदी कापली आणि तीन-चार महिने जावयाची वाट बघत बसला. पण तिकडे बाळ झालं होतं, त्याला सवड कुठली! शेवटी म्हातारा स्वतःच कुंडी मांडीवर घेऊन बसने निघाला. चौथा मजला. दार जावयाने उघडलं, खांद्यावर तान्ही लेक झोपलेली.

"मी येणारच होतो, बाबा."

"ठाऊक आहे रे."

बाल्कनीत त्याने आपल्या हाताने तारा ओढून दिल्या, पाणी किती, ऊन किती ते सांगितलं आणि चहा घेऊन परत आला.

पुढच्या वर्षी थंडी सरल्यावर त्याने फोन केला. "फुटली का?"

"हो... ठीक आहे."

पंधरा दिवसांनी, "कळ्या?"

"येतील, बाबा."

तिसऱ्यांदा फोन जावयाच्या बायकोने घेतला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "बाबा, वेल थंडीतच गेली. तरी हे रोज सकाळी पाणी घालतात. मी एकदा कुंडी उचलायला गेले तर माझ्यावर ओरडले. कधी आवाज चढवत नाहीत हो हे."

त्याच रविवारी म्हातारा गेला. जावई बाल्कनीतच होता, हातात पाण्याचा मग. म्हाताऱ्याने खोड नखाने खरवडलं. आत हिरवा ठिपकाही नव्हता. मग बोटांनी माती उकरत तो बुंध्यापर्यंत गेला. मुळं काळी पडून कुजली होती, हात लावताच तुटत होती.

"तो मग खाली ठेव," तो जावयाला म्हणाला. "बास आता."

"माझंच काहीतरी चुकलं असेल, बाबा. मी वेळेवर बघायला हवं होतं. आधी लक्षात यायला हवं होतं माझ्या."

"तुझं काही चुकलं नाही."

"पण मी जर—"

"ऐक माझं. करायचं ते सगळं केलंस तू. मी बघत होतो ना, माझ्या डोळ्यांदेखत केलंस. तरी गेली. त्याला कुणाचा इलाज नव्हता."

जावई भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. हॉस्पिटलात तो कधी रडला नव्हता. तेव्हा औषधं, डॉक्टर, सह्या, आलेगेले, सगळं त्यानेच निभावलं होतं आणि म्हाताऱ्याला रडायला मोकळं ठेवलं होतं. म्हातारा गुडघे धरत त्याच्याशेजारी बसला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून राहिला. केस बरेच पांढरे झाले होते. ते आज जवळून दिसले.

बऱ्याच वेळाने जावयाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "दुसरं कलम करता येईल?"

येईल, असं म्हाताऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणखी एक वर्ष, आणखी काही रविवार.

"नको," तो म्हणाला. "इथे तिला हवं तेवढं ऊन येत नाही रे. सावलीत वाढणारं काहीतरी लाव. तुझ्या लेकीला आवडेल असं."

दोघांनी मिळून कुंडी रिकामी केली. आत जावयाच्या बायकोने चहा दोनदा गरम केला. निघताना ती मुलीला कडेवर घेऊन बसथांब्यापर्यंत आली. "पुढच्या रविवारी जेवायला या, बाबा," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

"बघू," म्हातारा म्हणाला. पोरीने त्याचं बोट धरलं होतं. बस आली तशी त्याने ते हळूच सोडवून घेतलं.

खिडकीजवळची जागा मिळाली. दोन थांबे तो बाहेर बघत नीट बसला होता. तिसऱ्या थांब्यावर कुणी कळ दाबावी तसं रडू फुटलं. शेजारच्या बाईने काही विचारलं नाही. तिने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि त्याला थोडी जागा करून दिली.