थोरलीची पारख

कोंडीबा मिस्त्रीला दोन बायका आहेत, असं मथुराबाई साऱ्या पेठेला सांगायची. धाकटी म्हणजे ती स्वतः. थोरली होती सोलापूरच्या गिरणीत, विलायतेहून आलेली, सगळी लोखंडी. गिरणीच्या दुरुस्तीखात्यातला तो लेथ लग्नाच्या दोन वर्षं आधी कोंडीबाच्या हाती आला होता, म्हणून थोरलीचा मान त्याचा. लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. सळई गरागरा फिरते आणि हत्यार तिची साल काढत जातं. "माझ्याकडं कधी इतकं निरखून बघितलं न्हाय यांनी," असं मथुराबाई चारचौघींत म्हणायची आणि कोंडीबा खाली मान घालून तंबाखू मळत बसायचा. बावीस वर्षं त्यानं त्या लेथवर काढली. मग गिरणीत विजेवरची नवी यंत्रं आली, थोरली विकली गेली आणि दोन वर्षांनी कोंडीबाही घरी बसला. थोरली कुठं गेली हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं कुणाला विचारलंही नाही. विचारून करणार काय होता?

सन चौतीसच्या श्रावणात त्याचा भाचा रामहरी करकंबहून आला. गावात ऊस वाढला होता, ऊस पिळायचे चरक वाढले होते आणि ऐन हंगामात चरकाचा आस झिजला की माणसाला पंढरपूर नाहीतर सोलापूर गाठावं लागायचं. तोवर तोडलेला ऊस फडातच वाळायचा. रामहरीनं आपली खिलारी जोडी विकली होती आणि गावातच लेथ बसवायचं ठरवलं होतं. चनमल्लप्पाच्या वखारीत एक जुना लेथ आहे असं त्याच्या कानावर आलं होतं.

"मामा, बैल असता तर मीच दात बघून घेतला असता," रामहरी म्हणाला. "पर ह्येचं दात कुटं असत्यात त्येच मला ठावं न्हाय. तुमी घ्या म्हनला तर घीन, नको म्हनला तर तसाच माघारी जाईन."

"चल," कोंडीबा म्हणाला. एवढा मोठा विश्वास टाकल्यावर माणसाची मान जरा ताठ होतेच, तशी त्याचीही झाली.

चनमल्लप्पा जुन्या यंत्रांचा व्यापारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणं आणि तोंडात अर्धं कानडी, अर्धं मराठी. "बर्री, या या मिस्त्री," म्हणत त्यानं दोघांना मागच्या पत्र्याखाली नेलं. बार्शीकडच्या एका कारखानदाराकडून हा लेथ आल्याचं त्यानं सांगितलं. लेथला हिरवागार रंग दिला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"रंग कुनाला दावताय, शेट?" कोंडीबा म्हणाला. "आमाला लोखंड घ्यायचंय."

असं म्हणत त्यानं सहज पुढं होऊन हत्यार सरकवायच्या चाकाला हात घातला आणि तो जागच्या जागी थांबला. चाकाची मूठ लोखंडी नव्हती. बाभळीच्या लाकडाची होती, आणि अंगठा टेकतो तिथं झिजून खळगी पडली होती. कोंडीबाचा अंगठा त्या खळगीत बरोबर बसला. बसणारच. मूठ त्यानंच घडवली होती आणि खळगीही त्याच्याच अंगठ्यानं पाडली होती.

थोरली!

पण ही ओळख त्यानं कुणाला दाखवली नाही. आपल्याला चीज आवडलीय हे विकणाऱ्याला कळता कामा नये, हे तर शेंबडं पोरही जाणतं. म्हणून आपण गप्प बसलो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ती पुरती खरी नव्हती.

मग पारख सुरू झाली. सळई धरणाऱ्या चकाखाली लाकडी दांडकं घालून त्यानं जोर लावून उचलून पाहिलं. चक तसूभर हललं नाही. दांडक्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून, रामहरीला पट्टा हातानं ओढायला लावून आतला आवाज ऐकला. गिअरच्या डब्यात हात घातला तर तेलात भिजलेला मूठभर लाकडाचा भुसा बाहेर आला.

"ह्यो कशापायी, शेट? दातांची खडखड ऐकू येऊ नये म्हनून?"

"शिवाची आण मिस्त्री, माझ्याकडं आला तसाच आहे."

भुसा काढून डबा पुसला तर सगळे दात जागच्या जागी, धडधाकट. आता रामहरीला काहीतरी ओळखीचं सापडलं. त्यानं खाली बसून एकेक दात बोटानं मोजला आणि बैलबाजारात कोऱ्या जोडीकडं बघून हसावं तसा हसला. कोंडीबालाही हसू आलं. थोरली अजून खणखणीत होती.

राहिला होता बेड. ज्या लांब लोखंडी पाटावरून हत्यार पुढंमागं सरकतं, तो पाट म्हणजे लेथचा बेड. बाकी सगळं बदलता येतं, बेड बदलता येत नाही. कोणताही मिस्त्री आधी बेड बघतो. कोंडीबानं मात्र तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. चकाजवळ बेडवर ग्रीसचा जाड थर होता. त्याखाली काय असेल ते त्याला ठाऊक होतं. सबंध सोलापुरात ते ठाऊक असलेला तो एकटाच होता.

दर खंडेनवमीला त्यानं थोरलीची पूजा केली होती, आणि ती साधीसुधी नव्हे. चकाला झेंडूची ओली माळ, बेडवर हळदकुंकू, आणि नारळ फोडून त्याचं पाणी सगळं थोरलीच्या अंगावर. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, पूजा मोडायची नाही. फुलं, पाणी, कुंकू सगळं रात्रभर तिथंच राहायचं. दसऱ्याला सकाळी पाहावं तर चकाजवळ हातभर जागेत तांबूस गंज चढलेला. मग कोंडीबा काचकागद घेऊन ती जागा आरशासारखी चकाकेपर्यंत घासायचा. घासताना अगदी लेकराला न्हाऊ घातल्यागत मन लावायचा. एका वर्षी काय जातं? केसाएवढंही जात नाही. पण बावीस दसरे झाले आणि घासून घासून तिथं खड्डा पडला. गिरणीचा साहेब कधी काही बोलला नाही आणि कोंडीबाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची काही वर्षं तो त्या जागी हाताच्या अंदाजानं हत्यार सावरून घ्यायचा आणि काम चोख द्यायचा. पण तो अंदाज लेथबरोबर विकत मिळत नव्हता.

"कातून बघतो," तो म्हणाला. चनमल्लप्पानं इंजिन सुरू करून पट्टा चढवला. हातभर सळई चकात बांधून कोंडीबानं हत्यार लावलं. लोखंडाचा निळसर कीस वळ्या घेत खाली पडू लागला. या वेळी त्यानं हातानं काही सावरलं नाही. इंजिन थांबल्यावर जाडी मोजायच्या कॅलिपरचे दोन पाय सळईवर धरून तो सरकवत नेला. बाहेरच्या टोकाला कॅलिपर अलगद गेला. चकाजवळ आला आणि अडला; तिथं सळई जाड राहिली होती.

फरक कागदाच्या जाडीएवढा होता. पण तेवढ्या फरकाचा आस चरकात नीट बसत नाही. जबरदस्तीनं बसवला तर आठ दिवसांत खोबणी खातो आणि शेतकरी लेथवाल्याच्या दारात शिव्या घालत उभा राहतो.

"बघा, घ्यायचा तर आज घ्या," चनमल्लप्पा म्हणाला. "न्हाय तर सोमवारी फोडून भट्टीत घालणार. किती दिवस जागा अडवायची?"

"मामा, कसं काय हाय?" रामहरीनं विचारलं.

कोंडीबानं हिरव्या रंगाकडं पाहिलं, बाभळीच्या मुठीकडं पाहिलं. सोमवारी घण पडणार.

"बरा हाय," तो म्हणाला.

रामहरी लगेच पुढं झाला. चनमल्लप्पानं खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या आणि रामहरीच्या हातांवर टाकलं आणि बैलबाजारात होतो तसा बोटांनी सौदा सुरू झाला. तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं. उपरणं हलत होतं. कोंडीबाच्या हातात ती सळई अजून कोमट होती. गिरणीत बावीस वर्षांत त्यानं एक खोटं काम पुढं सरकवलं नव्हतं. आणि आज सरकवत होता ते कुणाच्या गळ्यात? दगडाबाईच्या, सख्ख्या बहिणीच्या पोराच्या! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं उपरण्यावर आपला हात दाबला.

"थांब रामहरी. घिऊ नको."

चनमल्लप्पा चमकला. "काय झालं, मिस्त्री?"

कोंडीबानं ग्रीस बोटानं निपटून काढलं आणि रामहरीचा हात धरून त्या जागेवर फिरवला. "लागतो का खड्डा? ह्यो म्या पाडलाय. ह्ये यंत्र माझं हाय, रामहरी. बावीस वर्सं माझ्या हाताखाली हुतं. देवावानी पुजलं आन् त्या पूजेनंच खाल्लं त्येला. भट्टीत जाईल म्हनून खोटं बोललो. माझं चुकलं."

रामहरीनं त्या खड्ड्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग रामहरी म्हणाला, "मामा, ह्ये दुरुस्त हुतं का?"

"हुतं. पर खड्ड्यात भर घालता येत न्हाय. बाकीचा समदा बेड खरवडून त्या पातळीला आनावा लागतो. बोट बोट जागा, दीड म्हैना. पूजा करनाऱ्यानंच बसाय पायजे."

"मग बसा की," रामहरी म्हणाला. "आमचा बा म्हनायचा, खोड कळली की निम्मा बैल सुधारला. न कळल्याली खोड वंगाळ." आणि चनमल्लप्पाकडं वळून तो म्हणाला, "शेट, टाका उपरनं. आता बोटं नव्यानं मोजू."

"अय्यो शिवा!" चनमल्लप्पानं कपाळाला हात लावला. "असला मिस्त्री पुन्हा माझ्या वखारीत आणू नका हो!" पण उपरणं त्यानं टाकलं.

घरी येऊन कोंडीबा म्हणाला, "दीड म्हैना करकंबला जानार हाय."

"कशाला?"

"थोरली घावली."

मथुराबाई उठली. चूल विझवली, पत्र्याच्या पेटीतून दोन लुगडी काढली आणि गाठोडं बांधायला बसली. "मी बी येते. जल्मभर नाव काढलं, पर बघितली कुटं हाय मी तिला?"

करकंबला छपरीत लेथ उतरला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. मग वाकून चकाजवळच्या खड्ड्यावर बोट फिरवलं. "लई लाड केलं की असंच हुतं," ती म्हणाली. पण आवाज रागाचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कोंडीबा बेडवर वाकला. तेलात कालवलेला शेंदूर सरळ लोखंडी पट्टीला फासायचा, पट्टी बेडवर घासायची, जिथं लाल ठिपका उमटेल तो उंचवटा. जुन्या कानशीचं टोक घासून केलेल्या खरवडणीनं तेवढाच ठिपका काढायचा आणि पुन्हा शेंदूर. रामहरी दिवा धरायचा, मथुराबाई शेंदूर कालवून द्यायची. मारुतीच्या देवळातल्या गुरवानं एकदा विचारलंसुद्धा, की एवढा शेंदूर तुमाला लागतो तरी कशाला? आधी ठिपके इकडं चार, तिकडं दोन असे पडायचे. मग दाट होत गेले. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कोंडीबानं पट्टी उचलली तर चकापासून पार टोकापर्यंत सगळ्या बेडवर सारखे लाल ठिपके उमटले होते, म्हणजे सगळा बेड एका पातळीला आला होता. तो तिथंच जमिनीवर बसला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

सकाळी दगडाबाई नारळ, पाण्याचा तांब्या आणि झेंडूची ओली माळ घेऊन आली. कोंडीबानं त्या ओल्या माळेकडं पाहिलं. बहिणीला नको म्हणायचं तरी कसं? पण दगडाबाई दारातच थबकली. शेंदरानं माखलेला बेड पाहून तिनं हात जोडले.

"दादा, पूजा तर झालीबी की तुजी!"

"व्हय, झाली," कोंडीबा म्हणाला.

माळ दाराला बांधली आणि नारळ रामहरीनं उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडला. फोडताना एक शिंतोडा उडून नेमका बेडवर पडला. कोंडीबा उठेपर्यंत मथुराबाई तिथं पोचली होती. तिनं सणासाठी नेसलेल्या कोऱ्या लुगड्याचा पदर घेऊन ते पाणी हळूच टिपून घेतलं. पदराला लाल शेंदूर लागला, तरी ती पुसतच राहिली.

"थोरलीला पानी सोसत न्हाय," ती म्हणाली.