कॉलरच्या आकाराचा कागद

घरात कोणाचं ऑपरेशन झालं की आपण काय करतो? एक दिवस रजा टाकतो, दवाखान्याच्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी सगळ्यांना कळवतो, की झालं बाई एकदाचं. पुढचे महिने मात्र ज्याचे त्याने काढायचे असतात. एका घरात असंच झालं, म्हणून ही गोष्ट सांगायची.

त्या घरातली आई शिवणकाम करायची. पस्तीस वर्षं ओठांत टाचण्या धरून आणि दातांनी दोरा तोडून तिने गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे शर्ट शिवले. लोक तिला टाचणीकाकू म्हणत. तिला काहीही विचारा, उत्तर ‘हं’ एवढंच यायचं. तोंडात सहा टाचण्या असताना माणूस आणखी काय बोलणार? साठीच्या सुमाराला तिचे दात हलू लागले, एकेक पडत गेला आणि जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. मुलाला ते बघवेना.

मुलगा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. त्याच्याकडे असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की उरलेले सगळे दात काढून वर चार आणि खाली चार स्क्रू हाडात बसवू आणि त्यांवर दातांची अख्खी ओळ पक्की करू. मुलाने मागेपुढे पाहिलं नाही.

ऑपरेशनच्याच दिवशी तात्पुरते दात बसले. आरशात बघून आई रडली, सूनही रडली. ‘‘एकदाचं गंगेत घोडं न्हालं!’’ मुलगा म्हणाला. दवाखान्यातल्या वयस्कर सिस्टरनी त्याच्या हातात सूचनांचा कागद दिला आणि तोंडीही बजावलं. स्क्रू हाडात मुरायला निदान चार महिने लागतात. तोवर खाणं मऊ, दातांनी काही तोडायचं नाही, रोज हलक्या हाताने सफाई करायची आणि ठरलेल्या तारखांना दाखवायला यायचं. मुलाने मान डोलावली. घरी येऊन त्याने तो कागद आईच्या मशीनवर ठेवला, ‘हे वाचून घे’ म्हणाला आणि कामावर गेला.

पहिला आठवडा सुनेने सूप केलं, भात मऊ शिजवला. आठव्या दिवशी आई म्हणाली, माझ्या एकटीसाठी वेगळं कशाला, मला आता सगळं चालतं. सून नोकरी करून घर ओढत होती, तिने ते खरं मानलं. स्वतःसाठी वेगळं भांडं चुलीवर चढवणं ही चैन आहे असं समजणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि त्यांचं म्हणणं सोयीचं असल्यामुळे आपण लगेच मान्य करतो.

दुखत तर काहीच नव्हतं. दहाव्या दिवशी ती मशीनवर बसली, कारण शाळा उघडायच्या होत्या आणि शर्टांचा ढीग पडला होता. बटण लावलं की दोरा दातांखाली जायचा. हाताला ती सवय इतकी होती, की दिवसातून शंभरदा दोरा तोडूनही तिला आपण काही केलं असं वाटायचं नाही. दवाखान्याचा तो जाड कागद मागून कोरा होता. तिने त्यावर कॉलरचा नमुना आखला आणि कापून घेतला.

पहिल्या तपासणीला मुलगा तिला घेऊन गेला. दुसऱ्या तपासणीच्या दिवशी त्याला काम निघालं, तू एकटी जा म्हणाला. ती गेली नाही. दवाखान्यातून त्याला तीनदा फोन आला. लिफ्टच्या खड्ड्यात पाना हातात धरून तो तिन्ही वेळा म्हणाला, आई मस्त आहे.

तिसऱ्या महिन्यात आई बोलेनाशी झाली. तोंडाशी सतत रुमाल असायचा. नव्या दातांचा तोरा, असं मुलगा थट्टेने म्हणायचा. मग एक दिवस एक बाई शाळेचा नवा पांढरा शर्ट परत घेऊन आली. प्रत्येक बटणाच्या मागे तपकिरी लाल ठिपका होता.

‘‘काकू, बोटाला लागलंय का तुमच्या?’’ तिने विचारलं.

आईने हात मागे घेतले. मुलगा दारात उभा होता. त्याने तिच्या दोन्ही हातांची बोटं उलटसुलट करून पाहिली, ती धडधाकट होती. मग त्याने तिला तोंड उघडायला लावलं. वास आला, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि खालची दातांची ओळ नुसत्या जिभेने हलत होती.

खालचे तीन स्क्रू हाडात मुरलेच नव्हते. डॉक्टरांनी ते काढले आणि चौथाही राहणार नाही असं सांगितलं. पुन्हा बसवायला पुरेसं हाड उरलं नव्हतं. तिथे आता काढता-घालता येणारी कवळी, आणि वरचे दातसुद्धा जपले तरच टिकणार होते.

मुलगा बाहेर येऊन सिस्टरवर भडकला. एवढं सगळं करूनही असं कसं झालं, तुमचं लक्ष कुठे होतं, वगैरे. सिस्टरनी ऐकून घेतलं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, तसं त्या शांतपणे बोलल्या.

‘‘दर महिन्याच्या पाच तारखेला तुम्ही इथे येता. लिफ्टला तेल घालता, दोर तपासता. मागे एकदा आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना काय म्हणाला होतात, आठवतंय? लिफ्ट बसवणं हे एक दिवसाचं काम, सांभाळणं हे रोजचं. तुमच्या आईची तारीखही पाचच ठेवली होती मी. मुद्दाम. म्हटलं, मुलगा येतोच आहे, आईला बरोबर आणेल.’’

मुलाने वळून लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. पहिली खेप सोडली तर दर महिन्याला तो याच इमारतीत एकटा येऊन, याच मजल्यावर लिफ्टचं दार तपासून परत गेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

घरी आल्यावर तो आईला म्हणाला, ‘‘तू सांगितलं का नाहीस?’’

काढलेल्या दातांमुळे तिचे शब्द नीट निघत नव्हते. ‘‘तू विचारलं असतंस तरी मी बरंच आहे म्हणाले असते रे,’’ ती म्हणाली. ‘‘पण एकदा विचारायचं होतंस.’’

तेव्हापासून रोज जेवणानंतर तो आरसा धरून तिच्यासमोर बसतो. वरच्या दातांची सफाई नीट झाली का ते बघतो, पाच तारखेला तिला बरोबर नेतो. सून पुन्हा मऊ शिजवते, आणि सगळेच ते खातात. आईच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री असते. बटण लावून झालं की दोरा अजूनही आपोआप तोंडाशी जातो, मग ती थांबते आणि कात्री शोधते.  खालचे दात काही परत येणार नाहीत.

वाचकहो, उपचार डॉक्टर करतात, पण माणूस बरा होतो तो घरात. ऑपरेशनच्या दिवशी बाकावर बसणारे पुष्कळ असतात, विसाव्या दिवशी ‘तोंड उघड बघू’ म्हणणारा एक तरी असावा. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून गप्प बसू नका, जवळ जाऊन बघा.

मुलाने मशीनच्या खणातून तो कॉलरच्या आकाराचा कागद शोधून काढला. कडा कापल्यामुळे बऱ्याच ओळी गेल्या होत्या. मधोमध एकच पूर्ण राहिली होती: घरातील एका व्यक्तीने रोज लक्ष द्यावे. तो कागद आता त्याच्या पाकिटात असतो.