पाच व्होल्ट

साकोलीच्या बसस्टँडमागे कुंदनभाऊंचं गेम पार्लर होतं. पार्लर कसलं, एक जुनी उभ्या पेटीची गेम मशीन, दोन स्टुलं आणि गल्ल्यावर बसलेले खुद्द कुंदनभाऊ. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, चार दिवस उरले आणि मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. मंडईला आसपासच्या गावांतून माणूस लोटतो, हे कुंदनभाऊंना पक्कं ठाऊक होतं. त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नाही, असं अश्वजितचं स्पष्ट मत होतं.

अश्वजित शेजारच्या टपरीत टीव्ही दुरुस्त करायचा. पाऊस आला की लोकांचे टीव्ही ताडपत्रीखाली झाकायचे आणि आपण भिजायचं, असे तीन पावसाळे त्यानं काढले होते. म्हणून पार्लरच्या पुढच्या रिकाम्या खोलीवर त्याचा डोळा होता. कुंदनभाऊंनी शब्दही दिला, "मंडईभर मशीन चालली तं खोली तुयी. लाव आपल्या नावाची पाटी."

दुसऱ्याच दिवशी भाऊ नागपूरहून कॉम्प्युटरचा सप्लाय घेऊन आले. "साडेचारशे वॅटचा हाये! हाथी चालवंल."

"हत्तीलेच लावा मंग," अश्वजित म्हणाला. "तुमच्या गेमच्या आवाजाले उणे पाच व्होल्ट लागते. या डब्ब्यात ते हायेच नाही. मुकी गेम खेळाले येईन का कोनी?"

भाऊ ओशाळले. अश्वजितला बरं वाटलं. मोठा आकडा पाहून सप्लाय घेणारी ही माणसं कांदेसुद्धा नुसते मोठाले पाहून घेत असतील, असं त्याच्या मनात आलं.

तो स्वतः नागपूरला गेला आणि गेमसाठीच बनवलेला सप्लाय शोधून आणला. पाच, बारा, उणे पाच, सगळं त्यात होतं. मीटरची टोकं त्यानं सप्लायवर नाही, थेट गेमच्या सर्किट बोर्डावर टेकवली, कारण वायरीतच थोडं व्होल्टेज गळतं. मग सप्लायवरचं बारकं बटन फिरवून नेमके पाच व्होल्ट बसवले. असा बोर्ड आता मिळत नव्हता. जिल्ह्यात हे काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, असं त्याला वाटलं आणि ते खरंही होतं.

"हे बटन कायचं हाये?" भाऊंनी वाकून विचारलं.

"तुमच्या कामाचं नाही," अश्वजित म्हणाला आणि मशीनचं मागचं दार लावून टाकलं.

मंडईच्या दिवशी दुपारभर मशीनपुढे रांग होती. दिवस मावळला तशा दुकानांच्या माळा लागल्या, रात्रीच्या नाटकाच्या, दंडारीच्या मंचावरचे हॅलोजन पेटले आणि गावाची लाईन बसली, व्होल्टेज उतरलं. पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आकसलं. पोरं ओरडायला लागली.

लाईन बसली की स्टॅबिलायझरचं बटन पुढे सरकवायचं, हे साकोलीत घरोघरी रोज संध्याकाळी चालतं. भाऊंनी मशीनचं मागचं दार उघडलं आणि ते बारकं बटन तसंच फिरवलं. चित्र वाढेना, म्हणून आणखी फिरवलं. मग आणखी.

अश्वजित धावत आला तेव्हा जळका वास सुटला होता आणि पडदा काळा पडला होता. त्यानं मीटर लावलं. सहाच्या वर. बोर्ड मेला होता.

"अक्कल गहाण ठेवली का भाऊ? चित्र लाईनच्यानं लहान झालं होतं! या बटनाचा अन् चित्राचा काही संबंधच नाही. हे फक्त बोर्डाले व्होल्टेज देते!" तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला.

भाऊ चिडले नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "हे आत्ता तू एका दमात सांगतलं. मले समजलं बी. त्या दिवशी विचारलं होतं, तवा काहून नाही सांगतलं?"

अश्वजितकडे उत्तर होतं. तुम्हाला समजण्यासारखं वाटलं नाही, हेच ते उत्तर. मीटरची वायर गुंडाळत तो उभा राहिला, आणि खोलीचं त्यानं विचारलंच नाही.