स्टँडपासून नऊ मिनिटं

प्रमोशनची ऑर्डर हातात पडली आणि संध्याकाळ व्हायच्या आत गावातल्या प्रत्येकाने माझं नागपुरातलं घर ठरवून टाकलं. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून मी अकरा वर्षं काटोल डेपोला जाऊन कंडक्टरकी केली होती. आता गणेशपेठ स्टँडवर वाहतूक नियंत्रक. भरलेल्या गाडीत धक्के खात तिकिटं काढायची नाहीत, स्टँडवर बसून गाड्या सोडायच्या. पहिली पाळी पहाटे पाचला सुरू. गावाहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणजे घर हलवणं आलं.

सगळ्यात आधी फोन आला तो माझ्या नवऱ्याच्या, रोशनच्या मामांचा. भैय्याजी मामा नागपुरातच, नंदनवन भागात राहतात, स्वतःचं दुमजली घर आहे.

"वरचा मजला रिकामाच पडून आहे वं मोनाली. तू ड्युटीवर जाशीन, नंदिनी शाळेत जाईन. रोशनचं काय, येत जाईन शनवारी."

नंदिनी आमची मुलगी, चौथीत आहे. मामा मनाने मोठे, यात वाद नाही. पण मामींच्या घरात गॅसला हात लावायचा तरी आधी विचारावं लागतं, आणि माझा स्वभाव विचारणारा नाही. शिवाय मला ते शनिवारचं प्रकरण मुळीच मान्य नव्हतं. मला आम्ही तिघं एका छपराखाली हवे होतो. पाहुण्यासारखा आठवड्यातून एकदा येणारा नवरा मला नको होता. गावात मात्र सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, सासूबाईंनीसुद्धा, की रोशन मागे राहणार. तो मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. संत्र्याच्या बागेतली पाण्याची मोटार जळली की आजूबाजूच्या दहा गावांत त्याचंच नाव निघतं. असा माणूस गाव सोडतो का, असं लोक मलाच विचारत, आणि मी सांगत असे की सोडतो. रोशन तेवढं म्हणायचा, "तू पाय ना खोली. मी आहोच." मी तो होकार धरून चालले.

घर बघायची माझी पद्धत माझी आहे. लोक रविवारी दुपारी घर बघायला जातात, रस्ते मोकळे असतात, सगळंच जवळ वाटतं आणि मग महिनाभराने डोकं धरून बसतात. मी कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला निघायचे, स्टँडवरून, मोबाइलमध्ये वेळ लावून. एका बाजूला रस्ता खोदलेला, दुसऱ्या बाजूला पुलाचं काम, मधे ई-रिक्षा आडव्या. जिथे दलाल दहा मिनिटं सांगायचा तिथे मला छत्तीस लागायची. मेट्रोची गोष्ट मला कोणी सांगू नये. मेट्रो सहाला जागी होते आणि मला पाचला खुर्चीत बसायचं असतं. म्हणून मी ठरवलं, पायी पंधरा मिनिटांच्या आत मिळेल तेच घर.

तीन आठवड्यांत तीन चकरा झाल्या. रोशन प्रत्येक वेळी बरोबर यायचा आणि दारात चपला काढून मुकाट उभा राहायचा. महाल भागात एक तिसरा मजला पाहिला, हवेशीर होता, पण पाणी एक दिवसाआड. एका ठिकाणी दुसऱ्या मजल्याची खोली आवडली, मालकाने चहा केला, मग आमचं पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं, आणि खोली कालच गेल्याचं त्यांना एकाएकी आठवलं. अशा वेळी माझे कान तापतात, पण पाय थांबत नाहीत. मी चहा पूर्ण प्यायले, कप धुऊन ठेवला आणि म्हटलं, तुमच्या जिन्याचा कठडा हलतो, लहान मुलं असतील त्यांना खोली देऊ नका.

सहावी खोली कॉटन मार्केटच्या मागे होती. तिसरा मजला, दोन खोल्या, पाणी चोवीस तास, घरमालकीण ताराबाई बोलायला मोकळ्या. स्टँडपासून पायी नऊ मिनिटं, तीही संध्याकाळच्या गर्दीत. मी मनातल्या मनात पडदे लावून मोकळी झाले आणि इसार द्यायला पर्स उघडली.

ताराबाईंनी सहज विचारलं, "राहणार किती जण?"

मी तीन म्हणायच्या आत रोशन बोलला. "दोघी. ही न् पोरगी. मी गावालेच राहीन."

पर्स उघडीच राहिली. ताराबाईंना म्हटलं, उद्या सांगते, आणि तीन मजले उतरले. रस्त्यावर आल्यावर मात्र माझा आवाज मला आवरला नाही. कंडक्टरचा आवाज, मागच्या सीटपर्यंत जातो. भाजीच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं.

"काहून जी? तुमी गावाले राहान हे मले तिसऱ्या बाईसमोर समजावं? गावभर मी भांडून राहिली का माहा नवरा येते म्हणून, न् तुमी इथं दोघी म्हणता?"

रोशन भांडत नाही. त्याने जिन्याकडे बोट दाखवलं.

"पाच एचपीची मोटार या जिन्यानं कोण चढवन, तू का मी? सहा खोल्या पायल्या तूनं. साही वरच्या. मी समजलो, हिच्या मनात दोघीचंच घर आहे."

मी मोजायला लागले. महालातला तिसरा, मग दुसरा, मग परत तिसरा. एकही तळमजला नव्हता. हवा पाहिली, पाणी पाहिलं, मिनिटं पाहिली, आणि ती सगळी मिनिटं माझी होती. नवऱ्याला बरोबर घेऊन फिरले आणि त्याचं काम घरात कुठे मांडायचं, हे एका दारातही डोक्यात आलं नाही. मला लाज वाटली. मोठ्याने भांडून झाल्यावर वाटलेली लाज फार वाईट.

"मंग बोलले काहून नाही?" मी हळू आवाजात म्हटलं.

"प्रमोशन तुह्यं. मी कायले मधात पडू?"

मग त्याने मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. चालत्या गाडीतून काढलेला, हललेला. काटोल रोडवरचं एक बंद शटर, वर पाटी, भाड्याने देणे आहे. त्याने बोट सरकवलं. तेच शटर, दुसऱ्या दिवशीचं. पुन्हा सरकवलं. तिन्ही चकरांना माझ्या शेजारी बसून त्याने तो फोटो काढला होता आणि मी त्या वेळी खिडकीतून सिग्नल मोजत होते.

आम्ही लगेच निघालो. त्या शटरपाशी, गिट्टीखदानला पोचायला सत्तेचाळीस मिनिटं लागली, मी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. मालक रुपरावजी, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, एकटेच असतात. दारातच जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यांनी शटर वर केलं. पुढे दुकानाएवढी जागा, मागे दोन खोल्या, त्यामागे थोडं अंगण. स्वयंपाकघर बारीक, खिडकी एक.

आणि माझा मुकाट नवरा बोलायला लागला. पायाने फरशी ठोकली. मीटर कमर्शियल आहे का विचारलं. टेबल इथं, वाइंडिंगचं मशीन तिथं, वार्निश सुकवायची भट्टी अंगणात, म्हणजे घरात वास यायचा नाही. "गावच्या मोटारी बी सुटत नाही," तो मला म्हणाला. "सकाळच्या गाडीत टाकली का काटोल नाक्यावर उतरवून घ्यायची. संध्याकाळच्या गाडीनं वापस."

"लगेज तिकीट काढावं लागन," मी म्हटलं.

"काढू ना."

हे सगळं त्याने कधीचं ठरवून ठेवलं होतं. मी हिशोब केला. पहाटे साडेचारला रस्ता रिकामा, स्कूटीने पंधरा मिनिटं. परत येताना दुपारची गर्दी, तिला चाळीस धरावी. दुसऱ्या पाळीला आणखी त्रास. नऊ मिनिटांचं घर सोडून हे घेणं म्हणजे रोजचा घाम होता, आणि तो मला चालणार होता. काटोल रोडच्या खड्ड्यांची मला अकरा वर्षांची ओळख आहे.

तेवढ्यात रोशनचा चेहरा उतरला. रिकाम्या जागेच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "गावात मी रोशन मिस्त्री आहो. इथं मले कोण ओळखते?"

"घरोघरी कूलर आहे या शहरात," मी म्हटलं. "एप्रिल येऊ द्या. लोक तुमाले जेवू नाही देणार."

तो हसला, पण अर्धंच. रुपरावजी आतून वही घेऊन आले, चष्मा लावला आणि विचारलं, "मंग ठरलं समजू? राहणार किती जण?"

तीन हा शब्द माझ्या ओठावर आला होता. आजवर सगळीकडे तो मीच सांगितला होता, गावाला, मामांना, सासूबाईंना, साहेबांना. मी तोंड मिटलं. रोशनच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तुमी येता का माह्यासंग?" मी म्हटलं. "सांगून नाही राहिली. विचारून राहिली."

रुपरावजी वहीत बघत राहिले. रोशनने माझ्याकडे पाहिलं.

"ऑर्डर आल्यापासून वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणाला, "का कवा विचारते." आणि मग, "येतो."

रुपरावजींना किती जण ते त्यानेच सांगितलं.