आधी चालू जागी

या माउली, जवळ बसा, एका मीटरची गोष्ट सांगतो. पिंपरी पेंढारच्या भगवंतानं सप्त्यासाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर जोडला. माइकला करंट उतरतो का, ते मंचरहून आणलेल्या डिजिटल मीटरनं पाहिलं. शून्य! माइक घेऊन तो कीर्तनकार बुवांकडे निघाला, तशी बायको चिमाबाई दारात आडवी आली.

“आधी चालू सॉकेटला मीटर लावून बघा. नानासाहेब सांगून गेलं न्हाई का?”

“नवा हाय गं!”

“नवा म्हंजी काय देव हाय व्हय?”

सॉकेटलाही शून्यच. मीटरची वायर आतून तुटलेली होती. मग माइक पुन्हा जोडून त्याला जुना काट्याचा मीटर लावला, तर काटा उसळला; माइकला करंट उतरत होता. भगवंतानं झटकन प्लग उपटला.

नानासाहेब त्याचे थोरले बंधू. ही पारख ते एकदाच विसरले आणि शॉकनं गेले. मीटर हाती घ्याल तेव्हा त्यांना आठवा.